दहा पन्नासचं विमान

धाकटी एक्कावन्न वर्षांची होती आणि तरीही धाकटीच होती. विमानातली पोरंपोरी तिला मॅडम म्हणत, घरी दोन मुलं आई म्हणत, नवरा तर काहीच न म्हणता नुसतं "ऐकतेस का" म्हणे. धाकटी म्हणणारी जगात एकच बाई होती, तिची ताई. ती नऊ वर्षं हिच्याशी बोलत नव्हती. म्हणजे नाव होतं, पण हाक मारायला कोणी नव्हतं. आपण मात्र तिला धाकटीच म्हणू, कारण ही गोष्ट त्या हाकेचीच आहे.

धाकटी विमानात पर्सर होती. पर्सर म्हणजे केबिनमधल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची मुख्य. दार उघडायचं तिनं, लावायचं तिनं, माइकवरून बोलायचं तिनं, आणि पाचव्या रांगेतल्या गृहस्थांनी चहा गार आहे म्हणून आरडाओरडा केला की ऐकून घ्यायचंही तिनंच. चौदा वर्षं ती एकाच मार्गावर होती. आपला विमानतळ ते पश्चिमेकडच्या शेजारच्या देशातला एक विमानतळ. अंतर दोन हजार ऐंशी किलोमीटर. जाताना समोरून वारं, म्हणून तीन तास दहा मिनिटं. येताना वारं पाठीशी, म्हणून दोन तास पन्नास. सकाळी पावणेसातला निघायचं, नऊ पंचावन्नला तिकडे टेकायचं, दहा पन्नासला पुन्हा उडायचं आणि एक चाळीसला आपल्या घरी. आठवड्यातून चार दिवस. हिशेब केलात तर अडीच हजारांच्या वर फेऱ्या भरतात.

आणि या अडीच हजार फेऱ्यांत तिनं त्या देशाच्या जमिनीला पाय लावला नव्हता. एकदाही नाही!

लोकांना हे खरं वाटत नसे. पण तिकडे विमान थांबायचंच पंचावन्न मिनिटं. तेवढ्यात प्रवासी उतरायचे, झाडूवाले यायचे, जेवणाचे डबे चढायचे, इंधन भरायचं, नवे प्रवासी बसायचे. कर्मचाऱ्यांनी विमानातच थांबायचं असा कंपनीचा नियम होता. दाराशी एक धातूची पट्टी असते, तिच्या अलीकडे धाकटी आणि पलीकडे जिना. लग्नकार्यात कोणी कौतुकानं विचारलं, "काय हो, कसा आहे तो देश?" तर ती म्हणे, "धावपट्टी छान आहे." सगळे हसत. तीही हसे. आणि लगेच विषय बदले.

कारण तिची ताई त्याच गावात राहत होती. विमानतळापासून अकरा किलोमीटरवर.

उतरताना डाव्या खिडकीतून एक पाण्याची टाकी दिसे, करड्या रंगाची, वर लाल पट्टा असलेली. ताईची इमारत त्या टाकीच्या पाठीमागे. दर फेरीला धाकटी टाकी बघायची. प्रवाशांचे पट्टे तपासता तपासता मान जराशी वाकवायची, टाकी दिसली की सरळ करायची. नव्या मुलींना वाटे, मॅडमची मान धरलीय.

आता हा नऊ वर्षांचा अबोला कशावरून, ते सांगायला हवं.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि ताई अठराची. बाबांना कामावरून यायला संध्याकाळ व्हायची. धाकटीच्या वेण्या, डबा, दप्तर, ताप, रुसवेफुगवे, सगळं ताईनं केलं. शाळेची घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी ताई तिला फाटकाशी सोडायची आणि सुटायच्या दहा मिनिटं आधी फाटकाशी उभी असायची. बारा वर्षांत तिला एक दिवस उशीर झाला नाही. चांगली स्थळं आली ती हिच्यापायी परत गेली. शेवटी तीस उलटल्यावर ताईचं लग्न झालं ते परदेशात, आणि बाबा धाकटीकडे राहायला आले.

बाबा गेले ते एका सकाळी, चहा पिता पिता. धाकटीनं ताईला फोन केला. दोघी रडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बाबांना निरोप द्यायचा, तोवर ताई येईल असं काकांनी ठरवलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घरातलं मोठं माणूस. धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, तिकिटाचं मी बघते, तू काही करू नकोस. काउंटरवर तुझ्या नावानं ठेवायला सांगते. उद्या दहा पन्नासचं विमान. दहा पन्नास, लक्षात ठेव."

दहा पन्नास हे धाकटीच्या मनगटावरचं होतं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे चालतं. तिकडे तेव्हा आठ पन्नास झालेले असतात. पण जी बाई तिकडे कधी उतरतच नाही ती घड्याळ कशाला बदलेल? ड्यूटीच्या कागदावरही सगळ्या वेळा घरच्याच छापलेल्या. पाच वर्षं ती ते विमान दहा पन्नासलाच उडवत होती. तिच्या दृष्टीनं ते दहा पन्नासचंच होतं, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही.

ताई साडेआठला विमानतळावर पोचली. दोन तास वीस मिनिटं आधी, तिच्या सवयीप्रमाणे. काउंटर बंद झालेलं होतं. वीस मिनिटांनी तिच्या डोळ्यांसमोर विमान उडालं.

इकडे चार वाजले, पाच वाजले. सहाला काका म्हणाले, "आता नाही थांबता येत." झालं.

ताई दुसऱ्या दिवशी आली. घर माणसांनी भरलेलं. दारातच म्हणाली, "धाकटे, तू मला दहा पन्नास सांगितलंस ना गं?" आणि त्या क्षणी धाकटीला कळलं. मनगटावर नजर गेली आणि लख्ख कळलं. काका बघत होते, आत्या बघत होत्या, सगळं गणगोत बघत होतं. दोन दिवस सगळे तिचं कौतुक करत होते, लेकीनं मुलासारखं केलं म्हणून. आणि तिच्या तोंडून निघालं, "मी नीटच सांगितलं होतं. तुलाच उशीर झाला. तुझं नेहमीचंच आहे."

ताईनं नुसतं बघितलं. रात्रभर राहिली, परत गेली, आणि तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

चूक कोणाकडूनही होते हो. पण चूक लपवायला ज्या बाईनं आयुष्यात कधी उशीर केला नाही तिलाच उशिराची म्हणायचं, तेही बापाच्या सुतकात? धाकटीला स्वतःची शरम वाटायची. फोन उचलायची, ठेवायची. सुट्टी काढून, कागदपत्रं करून एकदा जाऊन येणं काय अवघड होतं? पण विचारलं कोणी की ती तोच पाढा म्हणायची, "आम्हाला उतरताच येत नाही तिकडे, नियम आहे." नियम खरा होता. तिनं त्याच्या आड दार लावून घेतलं होतं, आणि आता कडी तिच्याच हाताला लागत नव्हती.

ताईचा मुलगा, म्हणजे हिचा भाचा, तेवढा अधूनमधून निरोप पाठवायचा. आईचे गुडघे गेले. आई आता घरातच असते. एवढंच.

आणि मग या वर्षी नोटीस लागली. एक तारखेपासून हा मार्ग बंद. विमान दुसरीकडे लावणार. यापुढे तिकडे जायचं तर तिसऱ्याच देशात उतरून विमान बदलायचं, चौदा तास वीस मिनिटं. अंतर तेवढंच राहणार होतं, दोन हजार ऐंशी. वेळ मात्र पाचपट. आणि ताई गुडघ्यांनी बसलेली, वय त्रेसष्ट. धाकटीचं धाबं दणाणलं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

शेवटच्या आठवड्यात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीला तिनं ठरवलं, दाराशी येणाऱ्या तिथल्या कामगाराचा फोन मागून घ्यायचा आणि ताईशी बोलायचं. ठरवलं, आणि ती डबे मोजत बसली. दुसऱ्या फेरीला भाच्याला निरोप लिहिला, "ताईला सांग की", आणि पुढचं सुचेना म्हणून पुसून टाकला. तिसऱ्या फेरीला ती चक्क जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एक पाऊल. खाली ऊन, केरोसिनचा वास, पिवळ्या जाकिटातली माणसं. तेवढ्यात मागून नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, चार रांगांचे पट्टे अडकलेत," आणि धाकटी वळली. वळताना तिला बरंच वाटलं, हे जास्त वाईट.

चौथी फेरी. शेवटची. टाकी दिसली तेव्हा तिनं मान सरळ केलीच नाही, मागे जाईपर्यंत बघत राहिली. प्रवासी उतरले. झाडूवाले येऊन गेले. ती हातात यादी घेऊन उभी होती तेव्हा उजव्या दाराशी उचलगाडी लागली. ज्यांना जिना चढवत नाही त्यांना खुर्चीसकट वर आणणारी ती गाडी. अशा प्रवाशांना सगळ्यांच्या आधी बसवतात. दार उघडायचं काम धाकटीचं. तिनं उघडलं.

चाकाच्या खुर्चीत ताई.

केस पांढरे, चष्मा जाड, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तिनं धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जाड झालीस," ताई म्हणाली.

नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. चौदा वर्षं येईल त्याला दारात "स्वागत आहे" म्हणणारी बाई, तिला तेवढंही आठवेना.

"मला सीटवर बसवणार आहात की इथेच ठेवणार?" ताईनं ढकलणाऱ्याला विचारलं.

सीट पहिल्या रांगेतली होती, मधल्या वाटेच्या कडेची. ती भाच्यानं मुद्दाम घेतली होती हे नंतर कळलं. आता या विमानाची रचना अशी, की पर्सरची घडीची खुर्ची पुढच्या भिंतीला, पहिल्या रांगेकडे तोंड करून. उडताना आणि उतरताना धाकटीनं तिथे पट्टा बांधून बसायचं. समोर हातभरावर ताईचे गुडघे. नऊ वर्षं जिला टाळलं तिच्यासमोर, दोन पट्ट्यांनी आवळून.

विमान धावपट्टीकडे निघालं. धाकटीनं हात मांडीखाली घेतले. नियमच आहे तसा.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझं घड्याळ पुढे गेलंय." तिचं लक्ष काय तिकडेच गेलं. ताईच्या मनगटावर दहा अठ्ठेचाळीस झाले होते.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "नऊ वर्षं पुढेच आहे. दोन तास. त्या दिवशी घरी गेल्यावर केलं. पुन्हा कधी दहा पन्नासचं विमान धरायचं झालं तर चुकायला नको म्हणून."

धाकटीला तोंड लपवायला जागा नव्हती. पट्टा सोडायला बंदी, उठायला बंदी. ताईच्या मागे एकशे चाळीस माणसं बसलेली. ती पुढे वाकली, वाकवेल तेवढी, आणि पुटपुटली, "ताई, चूक माझी होती. मी तुला..."

"कानात नको," ताई म्हणाली.

"अगं पण..."

"उशीर झाला असं म्हणालीस ते कानात म्हणालीस? काका होते, आत्या होत्या, वरच्या मजल्यावरच्या त्या बाईसुद्धा होत्या. आजही आपल्याकडच्या कोणाशी फोनवर बोलले की म्हणतात, अगं तुला तेव्हा उशीर झाला ना. नऊ वर्षं मी हूं म्हणते." विमानानं वेग घेतला, ताईनं आवाज चढवला. "काकांना फोन केलाय मी. बाहेर येणार आहेत न्यायला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं माणूस टॅक्सी करून येणार आहे. तिथे बोल."

चाकं सुटली. खाली लाल पट्ट्याची टाकी मागे गेली. धाकटीनं बघितली नाही.

पुढचे अडीच तास तिनं काय केलं म्हणता? लपली. दुसरं काय करणार! पडद्यामागे चार हात जागा, तिथे डबे मोजले, पुन्हा मोजले, स्वच्छ असलेला ओटा तीनदा पुसला. चहाची गाडी घेऊन जायची वेळ आली तेव्हा नव्या मुलीला पुढे केलं. मुलगी परत येऊन म्हणाली, "मॅडम, पहिल्या रांगेतल्या आजी म्हणताहेत, चहा धाकटीच्या हातचाच घेईन. धाकटी कोण?"

"मी," धाकटी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. किती दिवसांनी स्वतःचं नाव ऐकलं होतं.

डोळे पुसून ती चहा घेऊन गेली. ताईनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गार आहे."

"दुसरा आणते."

"राहू दे. तुला लहानपणीही जमत नव्हता." मग जरा थांबून, खिडकीकडे बघत ताई म्हणाली, "परतीचं तिकीट काढलेलं नाही मी. महिनाभर राहीन म्हणते. बाबांची खोली आहे ना अजून?"

"आहे. तशीच आहे. पण ताई, हे विमान आज शेवटचं. परत जायला चौदा तास लागतील, मध्ये बदलावं लागेल, तुझे गुडघे..."

"ते तू बघ. तिकिटाचं मी बघते म्हणायची सवय आहे तुला." ताईनं कप परत केला. "वेळ मात्र मी स्वतः काउंटरवर विचारीन."

उतरायची वेळ झाली. धाकटी पुन्हा त्या खुर्चीत, पुन्हा गुडघ्याला गुडघा. काय बोलायचं ते मनात जुळवत होती. वाक्य जुळे, मोडे. पळून जावं म्हटलं तर विमानातून कुठे पळणार? आणि पळायला तरी काय उरलं होतं, नऊ वर्षं ती तेच तर करत होती. विमान टेकलं. तिनं माइक घेतला आणि रोजचं सांगितलं, पट्टे बांधून ठेवा, सामान जपून काढा. "स्थानिक वेळ दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं."

ताईनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. "बरोबर," ती म्हणाली.

सगळे उतरल्यावर धाकटीनं खुर्ची ढकलणाऱ्याला बाजूला केलं. "मी नेते." लांबच लांब मार्गिका, सरकते पट्टे, शिक्के मारणारे, सामान. एवढं सरळ सपाट अंतर, चारपाचशे पावलं असेल नसेल, पण सरता सरेना.

काचेचं दार सरकलं. कठड्यापलीकडे न्यायला आलेल्यांची ही गर्दी. पाट्या घेतलेले ड्रायव्हर, फुलं घेतलेली मुलं. त्यात पुढेच काका, काठीवर रेलून, दोन्ही बाजूंना आत्याच्या सुना. काकांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "आलीस? बरं झालं. या वेळी वेळेवर आलीस हो."

ताईनं मान वळवून धाकटीकडे बघितलं. बस, एवढंच.

"काका," धाकटी म्हणाली, "त्या वेळी ताईला उशीर झाला नव्हता."

"काय?" काकांनी कानामागे हात धरला. कान पार गेले होते त्यांचे. हे धाकटी विसरलीच होती. "मोठ्यानं बोल. काय म्हणतेस?"

"बाबा गेले तेव्हा! ताईला उशीर झाला नव्हता!"

"उशीर झाला? कोणाला?"

धाकटीनं छातीभर श्वास घेतला. अंगावर गणवेश, छातीवर कंपनीची पट्टी, आणि ती ओरडली. माइक नसताना एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नसेल. "वेळ मी चुकीची सांगितली होती! ताई वेळेवरच आली होती! मी खोटं बोलले, काका! सगळ्यांसमोर खोटं बोलले!"

पाट्यावाले ड्रायव्हर वळून बघायला लागले. फुलंवाल्या मुलांनी बोलणं थांबवलं. आत्याच्या सुनांनी पदर तोंडाला लावले. काका तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मग काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "अगं मग नऊ वर्षं काय करत होतीस?"

धाकटीला रडू आवरेना. ताईनं खुर्चीतूनच हात मागे केला, न बघता, शाळेच्या फाटकाशी करायची तसा. धाकटीनं तो धरला.

"ये-जा करत होते, काका," ती म्हणाली.